जागून शिकलेले भावोजी

आमचे धाकटे भावोजी म्हणजे शहाणपणाचं पोतं, फक्त तळाला भोक पडलेलं. कापड गिरणीत बावीस वर्षं गठ्ठे बांधले, पाठ कामातून गेली, तेव्हा कुठं तपासणीच्या टेबलावर बसायची संधी आली. तिथं खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जातं. तुटका, दुहेरी किंवा सैल धागा दिसला की खडूची खूण करायची. तीन दिवस शिकायचं, चौथ्या दिवशी परीक्षा. नापास झालात तर जन्मभर गठ्ठे.

शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "दिवसा नीट बघा, रात्री नीट झोपा. बघितलेलं झोपेतच डोक्यात मुरतं."

भावोजी मला म्हणाले, "वहिनी, झोपून शिकता आलं असतं तर म्हशी पंडित झाल्या असत्या!"

"म्हशीनं निदान ऐकलं तरी असतं," मी म्हटलं.

गृहस्थ नमुन्याचा तुकडा घरी घेऊन आले आणि तिन्ही रात्री तो नाकाशी धरून जागले. परीक्षेला गेले तेव्हा डोळे लालभडक. माझी लेक त्याच खात्यात, ती बघत होती. कापड सरकायला लागलं आणि भावोजींनी धडाधड खुणा केल्या. कडेपासून वीतभर आत एक, पुढं हातभरावर दुसरी. सगळ्या खुणा घरच्या तुकड्यातल्या दोषांच्या जागी! धागा ओळखायला शिकलेच नव्हते, जागा पाठ केल्या होत्या. या कापडातले खरे दोष समोरून मजेत निघून गेले.

बाई भल्या. म्हणाल्या, "काका, घरी जाऊन झोपा. उद्या परत बसवते."

भावोजी आले ते बुटांसकट आडवे झाले. दुपारी सुरू झालेलं घोरणं सकाळी थांबलं. दुसऱ्या दिवशी नव्या कापडात अकरा दोष होते, त्यातले दहा धरले. मधे कुणी एक अक्षर शिकवलं नव्हतं. तीन दिवसांचं बघणं डोक्यात नुसतं पसरून पडलं होतं, झोपेनं ते आवरून ठेवलं, इतकंच.

टेबल मिळालं. मी विचारलं, "काय भावोजी, कामी आली ना झोप?"

"छे हो वहिनी! परवा चष्म्यावर डाग होता. काल पुसून गेलो."

हल्ली नवी माणसं आली की भावोजी त्यांना हेच सांगतात. लेक म्हणते, बिचारी दिवसभर चष्मे पुसत बसतात. एकानं तर त्यासाठी चष्मा विकत घेतला.