सुतारमास्तरांचे एकतीस भोपळे

लेकीच्या शाळेत सगळ्यांना ‘सर’ म्हणतात, फक्त सुतारकाम शिकवणाऱ्यांना ‘मास्तर’. त्यांची खोली सायकल स्टँडच्या मागे. पाहुणे आले की मुख्याध्यापक आधी नवा वॉटर कूलर दाखवायचे, मास्तर वेळ उरला तर. बावीस वर्षं हा माणूस तिथे रंधा मारत होता; कानावर पेन्सिल, अंगठ्याचं नख चेचून काळं पडलेलं. आम्ही पालक शिकलेसवरलेले. भिंतीत खिळा ठोकायचा तरी फोन करून माणूस बोलावतो.

मास्तरांची तपासायची तऱ्हाच उफराटी. आधी पोराचा तळहात बघायचे, मग वस्तू.

यंदा सातवीला स्टूल करायचं होतं. लेकीने पंधरा दिवस खपून केलं. एक पाय आखूड, बसलं की डुगडुगायचं. प्रदर्शनात चारचौघांत शोभा नको, म्हणून मी ते माळ्यावर टाकलं आणि फर्निचरवाल्याकडून झकास स्टूल आणलं. थोडीशी मदत हो! अशी थोडीशी मदत सगळ्याच पालकांनी केली होती. एकतीस स्टुलं, एकच पॉलिश, एकच दुकान.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्हा पालकांदेखत मास्तरांनी हात बघत बघत भोपळे वाटले. लेकीपाशी मात्र थांबले. “अगं, तुझ्या हाताला तर फोड आहेत. तुझं स्टूल कुठाय?”

“बाबांनी माळ्यावर टाकलं,” ती म्हणाली. सगळे फिदीफिदी हसले.

“हे स्टूल शून्य. ते आण, मग गुण देतो,” मास्तर म्हणाले. लेकीचा चेहरा फुलला, आणि माझं डोकं फिरलं.

घरी येऊन मी अर्ज लिहिला: मुलांच्या भवितव्याशी खेळ थांबवा, सुतारकाम बंद करा. लेक रडत म्हणाली, “बाबा, नका ना देऊ. मला तेवढंच जमतं.” मी म्हटलं, “तुला काय कळतंय!” एकतीसही पालकांनी सह्या ठोकल्या.

सभेत मुख्याध्यापकांनी मास्तरांना विचारलं, काही बोलायचंय का. मास्तरांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, “हा स्वतः लिहिलात, की विकत आणलात?”

“स्वतः लिहिलाय!” मी बाणेदारपणे म्हणालो.

“मग दहापैकी दहा,” असं म्हणून ते खाली बसले.

तास बंद झाला, मास्तर घरी गेले. त्या खोलीवर आता ‘कौशल्य विकास कक्ष’ अशी पाटी आहे. भिंतीवर करवतीचं, रंध्याचं रंगीत चित्र आहे आणि पोरं अवजारांची नावं घडाघडा म्हणून दाखवतात. भवितव्य अगदी सुरक्षित!

लेक अजून काही ना काही करत असते. दार लावून घेते, आतून ठोकल्याचा आवाज येतो. काय करतेस विचारलं तर “काही नाही” म्हणते. तो अर्ज आठवला की लाज वाटते मला, खरंच वाटते. परवा मीच म्हटलं, “बघू तरी, काय केलंस?”

तिने खोलीचं दार मागे ओढून घेतलं आणि प्रगतिपुस्तक आणून माझ्या हातात ठेवलं.