लाल ठिपका

लष्कराच्या लिलावात घेतलेली माझी जीप दुरुस्त करू शकेल असा हिंगणघाटात एकच मिस्त्री आहे, आणि त्याच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. काही विचारलं की तो आधी हात पुसतो, सावकाश, एकेक बोट, आणि मग म्हणतो, "पाहू ना." नोंदणी अडली तेव्हा लष्करी हिरवा रंग खरवडून त्यानंच पांढरा मारून दिला. बोनेटच्या आत मात्र हिरवा तसाच ठेवला. का, तर म्हणे, "तिले आठवण राहू द्या."

त्याच्या शेडमागे अगदी तशीच एक जीप विटांवर उभी असते. ती त्याची स्वतःची. माझी गाडी दुरुस्तीला जाऊन आली की त्या जीपमध्ये काहीतरी नवं बसलेलं दिसतं, आणि असे अस्सल पार्ट आता बाजारात मिळत नाहीत. म्हणून या खेपेला, आमच्याकडे सगळेच करतात तसं, गाडी सोडण्याआधी मी बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका कार्बोरेटरखाली, दिसणार नाही असा, लावून ठेवला.

चार दिवसांनी बोनेट उघडलं. कार्बोरेटरवर ठिपका होता. डायनामोवरही होता. पंपावर, रेडिएटरवर, एकेका नटावर लाल ठिपका होता.

त्यानं सावकाश बोटं पुसली.

"तुम्ही एकाच पार्टाले लावला साहेब. बाकीच्याइनं काय पाप केलं?"

मी हसलो. दुसरं करणार काय? निघताना शेडमागे नजर गेली. त्याची जीप विटांवरून उतरून चाकांवर उभी होती.