तीन थरांची राख

मॅडमना फोन लावला तेव्हा माझा एक पाय कारंजा नदीच्या चिखलात होता आणि दुसरा, माझ्या मते, नवाश्मयुगात.

"मॅडम, ॲशमाउंड सापडलाय. तीन फेजेस दिसतायत."

बावीस वर्षांच्या नोकरीत मॅडमनी माझं बोलणं पहिल्यांदाच मध्ये न तोडता ऐकलं होतं.

"शुअर?"

"हंड्रेड परसेंट."

"मग प्रिलिमिनरी नोट पाठवा. मी फेन्सिंगचं प्रपोजल तयार करते."

आमची कंपनी नदीखोऱ्यांचे सर्व्हे करते, मॅडम तिच्या प्रमुख. एक टीम झाडं-पक्षी मोजते, दुसरी माणसांना भेटते, आणि जुनंपुराणं जे काही असेल ते माझ्याकडे येतं. बायको याला 'खापऱ्या वेचणं' म्हणते. पगारपत्रकात वेगळं नाव आहे, काम तेच.

ॲशमाउंड म्हणजे राखेचा ढिगारा. काही हजार वर्षांपूर्वी दक्षिणेत लोक गुरं एका जागी कोंडायचे आणि साठलेलं शेण पेटवून द्यायचे. असं पुन्हा पुन्हा करून राखेच्या टेकड्या झाल्या. पण त्या सापडतात कृष्णा-तुंगभद्रेकडे. आमच्या बीदर जिल्ह्यात, खटकचिंचोळीच्या शिवारात असा ढिगारा म्हणजे माझं नाव पुस्तकात. नदीनं काठ उभा कापला होता आणि त्यात पांढऱ्या राखेचे तीन पट्टे स्पष्ट दिसत होते, मध्ये मध्ये काळी माती. मी फोटो काढले, नोट पाठवली आणि बाभळीखाली डबा उघडला. नियमाप्रमाणे नोट पाठवण्याआधी चाचणीचा खड्डा घ्यायचा असतो. पण ऊन फार होतं.

"साहेब, राखंचे फोटू कामून काढायलाव?"

मागे साठीचे एक मेंढपाळ उभे होते. खांद्यावर घोंगडी, भोवती शंभरेक मेंढ्या. नाव बिराप्पा. मी त्यांना भाकरी दिली आणि नवाश्मयुगही दिलं. त्यांनी दोन्ही सावकाश संपवलं.

"मग आता काय करनार हितं?"

"तारेचं कुंपण होईल अप्पा. बोर्ड लागेल. कुणाला पाय ठेवता येणार नाही."

"मेंढराला?"

"मेंढराला तर नाहीच."

ते खाली बसले. "पावसाळ्यात कळप हितंच असतोय माजा. रानं पेरल्याली, बाकी समदा चिखल. खुरं सडत्यात. ही येवढीच उंच जागा हाय."

"पण ही राख किती जुनी आहे, तुम्हाला कल्पना..."

"हाय की. मीच लावलो आग."

"तीनदा?"

"तीनदा."

मी डबा बंद केला. तीन फेजेस माझ्याशेजारी बसून दात कोरत होत्या.

"लेंडी जाळली? पिसवा झाल्या होत्या का?" मी विचारलं.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. नदीकाठी आम्ही दोघंच होतो, तरी आवाज खाली आला. "पिसवासाठी लेंडी कोन जाळतंय साहेब? ज्या साली रोग आला, मेंढरं मेली, त्या साली जाळलं समदं. आता सरकारी डाक्टरकडनं टोचून घेतोय, कळप चांगला हाय. पर हे गावात कुनाला ठावं न्हाई."

गावाला का कळू द्यायचं नाही, तेही त्यांनीच सांगितलं. सुगी झाली की शेतकरी मेंढपाळाला बोलावतात. कळप शेतात बसवायचा, लेंडी आणि मुतानं जमीन खतावते. बदल्यात ज्वारी मिळते, घर चालतं. एकदा का रोगाचा कळप म्हणून नाव झालं की कोणी बांधावरही उभं करत नाही.

"कुंपन घातलं तर पावसाळा गेला माजा," बिराप्पा म्हणाले. "खरं लिवलं तर सुगी गेली. आता काय लिवताव, तुमीच बगा."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "मॅडम, ते कदाचित अलीकडचं असेल."

"काल हंड्रेड परसेंट होतं."

"आज जरा कमी आहे."

"पुरावा?"

पुरावा होता तो सांगता येत नव्हता. "परवा येते मी," त्या म्हणाल्या. "खड्डा माझ्यासमोर घ्या."

मी थेट बिराप्पांकडे गेलो. "अप्पा, राखेच्या अगदी तळाशी तुमच्या काळातलं काही सापडेल का?"

त्यांनी ढिगाऱ्यावरच्या एका मोठ्या धोंड्याकडे बोट केलं. "मल्लव्वाची चप्पल हाय."

मल्लव्वा म्हणजे त्यांची बायको. पहिल्या खेपेला आग लावण्याच्या घाईत तिची एक चप्पल लेंडीखाली राहिली होती. "त्या धोंड्यापासून चार पावलं. अजून आयकवती मला."

आमच्या धंद्यातला मुख्य नियम सोपा आहे: तळाला जे असतं ते आधी पडलेलं असतं. खुर्चीवर साठणाऱ्या कपड्यांसारखं. राखेच्या खाली चप्पल निघाली, तर राख चपलेनंतरची.

मॅडम आल्या. मी धोंड्यापासून चार पावलं टाकली आणि दोरी बांधली.

"इथंच का?"

"स्लोप बघून, मॅडम." स्लोप पलीकडे होता.

मीटरभर खड्डा झाला. राख, माती, राख, माती, राख, आणि शेवटी खालची घट्ट काळी माती. चप्पल नाही. मॅडम वाकून म्हणाल्या, "सुंदर आहे हो. हंड्रेड परसेंटच ठेवूया का?"

पावलं बिराप्पांची मोजायची होती, मी माझी मोजली होती. ते थोड्या अंतरावर कळपाकडे तोंड करून उभे होते. तिथूनच ते एका निवांत बसलेल्या मेंढीला म्हणाले, "हां, पुढं हो की जरा. हातभर. न्हाई, डाव्या अंगाला."

मेंढी हलली नाही. मी हललो. डावीकडे हातभर खड्डा वाढवला आणि खुरप्याला रबर लागलं.

तळ अर्धा वितळलेला, निळा पट्टा शाबूत. मॅडमनी ती चप्पल दोन बोटांत धरून उन्हात फिरवली.

"नवाश्मयुगीन?"

"नाही मॅडम. खाली नंबर आहे. पाच."

ऑफिसच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं: राख अलीकडची. मेंढपाळांनी जागा साफ करण्यासाठी लेंडी जाळली. खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. मॅडमनी तो गाडीत बसून वाचला.

"माझ्या आजोळी मेंढ्या होत्या, विजापूरकडे," त्या म्हणाल्या. "जागा साफ करायला कोणी लेंडी जाळत नाही. लेंडी विकतात."

मी फॉर्म परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

"कळप आता बरा आहे ना?"

"बरा आहे. टोचून घेतलाय."

"मग दुसरं वाक्य कशाला हवं? 'अलीकडची' पुरे." त्यांनी पेनानं ते वाक्य खोडलं आणि फेन्सिंगचं प्रपोजलही मागे घेतलं.

त्या सुगीनंतर बिराप्पांचा कळप हळ्ळीखेडच्या एका शेतात महिनाभर बसला. मल्लव्वानं चप्पल परत मागितली होती, पण ती आता सॅम्पल आहे, देता येत नाही.

खड्ड्याशी आम्ही तिघं होतो. लेंडी उगाच कोणी जाळत नाही हे त्यातल्या दोघांना लहानपणापासून माहीत होतं. तिसरा तज्ज्ञ होता. हल्ली मी कुठल्याही शिवारात गेलो की आधी मेंढपाळ शोधतो, मग ढिगारा.