पुस्तकांना ऱ्हायला खोली

आमच्या भुकूमच्या खोल्यांमदी लई भाडेकरू येऊन गेले. कंपनीतली पोरं आली, नवी लगीन झाल्याली जोडपी आली, येक मास्तर आला आन् महिन्यात पळून गेला. पन बाईंसारखं भाडेकरू पुन्ना न्हाई आलं. बाईंनी खोली घेतली ती सोताला ऱ्हायला न्हाई. पुस्तकांना ऱ्हायला घेतली.

त्या आल्या तवा मी अंगनात भात वाळत घालत व्हते. पांढरी केसं, पायात बूट, खांद्याला झोळी. परभनीकडच्या. तितं सरकारी कचेरीत नोकरी करून रिटायर झाल्या, मालक आधीच वारल्याले, म्हनून लेकाकडं आल्या. लेकाची जागा आमच्या समोरच्या सोसायटीत. ती सोसायटी हुबी हाय तितं पयलं आमचं भाताचं खाचर व्हतं.

"आक्का, खोली आहे का रिकामी?" त्येंनी इचारलं.

म्या म्हनलं, "हाय. किती मान्सं?"

"माणसं नाहीत. पुस्तकं आहेत."

मला वाटलं दुकान काढत्यात. म्या म्हनलं, "इकायची हायेत का?"

"वाचायची आहेत. लेकाच्या घरात मावत नाहीत. सून काही बोलत नाही बिचारी, पण रोज एक खोकं उचलून दुसरीकडं ठेवते. माझं मला कळतं."

दुसऱ्या दिशी टेंपो भरून खोकी आली. आमची शेजारीन हौसा कंबरंवर हात ठिऊन बघत व्हती. मला म्हनली, "बरंय की तुजं. ह्या भाडेकरूला ना पानी लागायचं, ना संडास."

बाई सकाळी नातीला शाळंच्या बसमदी बसवून यायच्या. दारात खुर्ची टाकायच्या. डाव्या अंगाला न वाचल्याली पुस्तकं, भिंतीला लावून, पार छातीपातुर. उजव्या अंगाला वाचून झाल्याली, ती आपली वीतभर. समद्या कादंबऱ्या. देवाधर्माचं येकबी न्हाई, आवशिद-पान्याचं न्हाई. म्या येकदा इचारलं, येवढी घेतली कवा आन् वाचली का न्हाई? तर म्हनल्या, "नोकरी, स्वयंपाक, सासूचं आजारपण. वेळ कुठं होता? पण घेत राहिले. लोक म्हातारपणासाठी पैसा बाजूला टाकतात, मी गोष्टी टाकल्या."

वाचाया लागल्या की त्येंना हाक आयकू यायची न्हाई. च्या शेजारी ठेवला तर त्याच्यावर साय धरायची. मधीच येकट्या हसायच्या. येक दिस आल्या त्या तोंड पाडून. म्या म्हनलं, "बाई, काय झालं?" तर म्हनल्या, "आज नका बोलू माझ्याशी. घरात भांडण झालंय."

"सुनंसंगं?"

"छे हो. पुस्तकातल्या घरात. धाकटा आईला नको ते बोललाय."

मी गप सूप घेऊन बसले. पन खरं सांगते, दीसभर त्या धाकट्याचा मलाबी राग व्हता. त्येचं नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई, तरी.

मंग मीच इचाराया लागले, काय हाय त्यात? बाई गोष्ट कवाच सांगायच्या न्हाईत. "सांगितली की नुसती हकीकत उरते आक्का, माणसं सगळी निघून जातात. बसा, वाचून दाखवते." तशी आमची बैठक लागली. मी तांदूळ पाखडायचे, निवडायचे, आन् बाई वाचायच्या. लई हावभाव न्हाईत, रडका सूर न्हाई. येखाद्यानं शेजारी बसून बोलावं तसं. पुढं काय व्हतं म्हनून म्या लई येळा इचारलं आसंल. त्या मान हलवायच्या. "शेवट आधी कळला तर मधल्या माणसांचा अपमान होतो."

मी तिसरीपातुर शाळंत गेले. अक्षरं येत्यात, पन वाचाया कवा बसले न्हाई. तिसरीनंतर बापानं भाताच्या लावनीला नेलं. लगीन झालं, हिकडं आले, हितंबी लावनी. मालक गेले तवा थोरला शाळंत जात व्हता. मी म्हशी धरल्या आन् दुधाचं कॅन घेऊन पयल्या एस्टीनं पुन्याला जायची, पावसात डोक्यावर पोतं घेऊन. कंडक्टर म्हनायचा, मावशी कॅन आत न्हाई घ्यायचं. मी दारात हुबी ऱ्हायची. गेले ते दिस, जायचेच व्हते. सांगायचं येवढंच, की गोष्ट आयकत बसायचं आसतं, हे मला साठीच्या पुढं कळलं.

आमच्या मुळशी खोऱ्यातला पाऊस बाईंना नवा. आषाढ लागला आन् भिंतींना वल आली. बाईंनी येक पुस्तक उचललं तर खाली हिरवी बुरशी. त्येंचा चेहरा आसा झाला की जनू लेकरू तापानं फनफनलंय. त्या सांच्याला घरला गेल्या त्या सर्दी-तापानं पाच दीस आल्याच न्हाईत, आन् हिकडं म्या आन् सून शोभानं पडवीतली चूल पेटवली. चुलीच्या वर आमचा बांबूचा माळा हाय. पावसाळ्यात तितं आमी सरपन वाळवतो, कांदं ठेवतो, भाताचं बी ठेवतो. धुरानं कीड लागत न्हाई. समदी पुस्तकं म्या त्येच्यावर चढवली. चार दीस जाळ ठेवला. खनखनीत वाळली. मंग खाली काढून खोलीत लावली, चांगली आकारानं. मोठी खाली, बारकी वर, जशी उतरंड लावत्यात.

बाई येऊन बघतच ऱ्हायल्या. "आक्का, वाचलेली कुठली आणि न वाचलेली कुठली?"

ते काय माज्या ध्यानातच न्हाई आलं. आमच्या घरात भांडं वापरल्यालं काय आन् बिनवापरल्यालं काय, लावायचं ते आकारानं.

मला वाटलं आता बोलत्यात. बाई मटकन खुर्चीत बसल्या आन् हसाया लागल्या, डोळ्यातनं पानी येस्तवर. येक पुस्तक वढलं, वास घेतला. "कांद्याचा वास येतोय." मंग येकेक उघडून चार पानं वाचायची आन् ठरवायचं, हे झालंय का न्हाई. चार-पाचात तर त्येंच्याच हातच्या खुना व्हत्या, तरी वाचल्याचं आठवलंच न्हाई. म्हनल्या, "फायदाच झाला की हो. ही पुन्हा नवी झाली."

पाऊस सरल्यावर येक कादंबरी निघाली. त्यात येका बाईचं लेकरू जातं. बाई वाचत व्हत्या, वाचता वाचता त्येंचा आवाज फाटला. पुस्तक मांडीवर उपडं ठिवलं. मी तांदळातलं खडं काढत व्हते.

"आक्का, तुम्हाला काहीच नाही वाटलं?"

"वाटायचं काय. पुढं वाचा."

त्या पुढं वाचीनात. नुसत्या माज्याकडं बघत ऱ्हायल्या. मंग मीच बोलले. म्हनलं, माजी येक पोर गेली. थोरल्याच्या पाठची. लावनीचे दिस व्हते. ताप आला, मालक पौडाला आठवड्याच्या कामावर, मी खांद्यावर घेऊन चालत दवाखान्याला निघाले. डाक्टर नव्हता. तशीच मागं फिरले. येताना ती कवा गेली त्ये मला कळलंच न्हाई, खांद्यावरच व्हती. दुसऱ्या दिशी सासू म्हनली, रोपं काढल्याली हायेत, सुकून जातील. आन् रोपं थांबत न्हाईतच. मी गेले लावनीला. चिखलात वाकलं की कोन रडतंय त्ये दिसत न्हाई.

आजपातुर ह्ये म्या कुनाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना म्हाईत व्हतं, मंग सांगायचं कुनाला? बाई मधी येक सबूद बोलल्या न्हाईत. न्हाई "मग?" म्हनल्या, न्हाई "अरेरे" म्हनल्या. पुस्तकात डोकं घातल्यावर बसायच्या ना, मान वाईच कलती करून, तशा बसल्या व्हत्या. माजं झाल्यावर म्हनल्या, "नाव काय होतं तिचं?"

म्या म्हनलं, "सोना."

"सोना," त्या म्हनल्या. बस, येवढंच. आन् पुस्तक सरळ करून पुढं वाचलं.

थंडीत त्येंच्या लेकाची बदली बंगळूरला ठरली. नातीची परीक्षा झाली की निघायचं. तितली जागा अजून बारकी. लेक म्हनला, "आई, पुस्तकं नको आता. मोबाईलवर वाच." तवा पन डावीकडचा ढीग कंबरंयेवढा व्हता. बाईंचा जीव खालीवर. म्हनल्या, "आक्का, एवढं संपवूनच जाणार मी. आयुष्यभर साठवलं ते काय असंच सोडायचं?"

मंग काय, तुटून पडल्या. सकाळी लवकर यायच्या, डबा हितंच खायच्या. मला वाचून दाखवायचं बंद, त्यानं येळ जातो म्हनून. हसायचं बंद. पुस्तकातलं कोन मेलं काय आन् कोन जगलं काय, त्येंच्या तोंडावर कायबी दिसंना. नुसती पानं उलटायचा आवाज. हौसा मला म्हनली, "तुजी बाई आता रोजावर लागल्यावानी वाचती."

येक दिस त्या आल्या आन् पुस्तक हातात न घेता बसून ऱ्हायल्या.

"आक्का, काल एक संपवलं. रात्री झोपताना आठवायला गेले, तर त्यातल्या बाईचं नाव आठवेना."

म्या च्या पुढं सरकवला. त्या म्हनल्या, "मी त्यांना भेटायला म्हणून एवढी वर्षं थांबवून ठेवलं, आणि आता दारातनंच हाकलून देतेय." उठल्या, ढिगातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक वढलं आन् माज्या शेजारी खुर्ची घेतली. "सूप आणा तुमचं. हे एकच वाचू. संपलं तर संपलं."

दोघींनी मिळून त्ये वाचलं. उन्हाळा लागस्तवर पुरलं. तिसऱ्यांदा च्या गार झाला म्हनून शोभानं आमच्यापुढं च्या आनून ठेवायचाच सोडला.

निघायच्या दिशी बाईंनी वाचल्याली समदी गावच्या शाळंला दिली. न वाचल्याली आमच्या खोलीतच ठेवली. म्या म्हनलं, "उलटं झालं बाई. न वाचल्याली तरी संगं न्यायची आसत्यात."

"नाही नेता येत. ही असू देत तुमच्याकडं, न वाचलेलीच. मला परत यायला काहीतरी कारण पाहिजे की." माज्या पाया पडाया वाकल्या. म्या धरलं. दोघी येकाच वयाच्या, कोन कुनाच्या पाया पडनार. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हनल्या, "पावसाळ्यात तेवढी माळ्यावर चढवा."

तितनं फोन यायचा. पाऊस किती झाला, हौसा काय म्हनती, म्हस व्याली का. मंग येकदा महिनाभर आलाच न्हाई. नंतर लेकाचा आला. बाईंच्या अंगावरनं वारं गेलं व्हतं. उजवी बाजू पडली, बोलनं गेलं, पुस्तक धरता ईना. लेक म्हनला, "मावशी, तुमचं नाव काढलं की ती मान वळवते. तुम्ही जरा बोलाल का तिच्याशी?"

शोभानं फोन कानाला लावून दिला. मी काय बोलनार? हिकडनं मी बोलायचं आन् तिकडनं कायबी न्हाई. दोन वाक्यं बोलले आन् गप झाले. मंग मी उठून खोलीत गेले आन् न वाचल्यातलं वरचं येक उचलून आनलं. शोभाला म्हनलं, फोनचा आवाज मोठा कर आन् हितं ठेव.

चष्मा लावला, अक्षराखाली बोट धरलं आन् वाचाया लागले. जोडाक्षर आलं की माजी गाडी अडायची. येक वळ वाचायची, ती कळाया पुन्ना वाचायची. नांगरटीला नवा बैल जुपावा तसं. म्या मधीच म्हनलं, "बाई, तुमाला कटाळा आला आसंल." तिकडनं कसलातरी आवाज आला. नात फोनवर म्हनली, "आजी हसतेय."

तवापासनं दुपारी भांडी झाली की फोन लागायचा. येका दुपारी पान, येका दुपारी निम्मं पान. येका पोरीची गोष्ट व्हती. सासरच्यांनी मारून काढलेली, माहेरला निघाली, तर माहेरचंबी दार उघडना. मी वाचत जायची. घसा बसायचा. पुढं काय आसंल ते बघावं आसं लई वाटायचं, पन येकटीनं पुढं कवा गेले न्हाई. ते दोघींचं व्हतं.

येका सकाळी लेकाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या. म्हनला, "मावशी, तुमचे फार उपकार झाले. त्या पुस्तकांचं आता काही ठेवू नका, रद्दीवाल्याला द्या, खोली मोकळी करा." म्या बरं म्हनलं. लेकराला त्या दिशी आनखी काय सांगायचं.

दुपारी भांडी झाली. मी पुस्तक घेऊन दारात बसले. फोन लागनार नव्हता. शोभा आतनं हात पुसत आली, हुबी ऱ्हायली.

"आत्या, आता कुनासाठी वाचताय?"

म्या म्हनलं, "ती पोर एस्टी स्टँडवर येकटी बसलीया. शेवटची गाडी गेली. तिला तशीच सोडून उठू व्हय?"

शोभा पदर खोचून उंबऱ्यावर टेकली. म्या बोट ठेवलं, आन् मोठ्यानं वाचाया लागले.