पणजोबा बंडखोरांच्या यादीत नव्हते

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबा त्यांच्या संघटनेची पत्रकं जमिनीवर पसरून घड्या घालायचे आणि मी त्यांवरूनच अक्षरं शिकले. त्यामुळे नोएडात स्वतःचा फ्लॅट झाल्यावर त्यांनी गृहप्रवेशालाही पत्रक काढायचं ठरवलं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

विषय पणजोबांचा. विदर्भातल्या आमच्या गावातून त्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं आणि ते परतले नाहीत, एवढंच घरात माहीत होतं. "इंग्रजांविरुद्ध बंड केलं," असं बाबा सांगत. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पुराव्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही, असं मी ठणकावलं. पुरावा मिळणारच, याची खात्री होती म्हणून एवढा ताठा.

पंधरा दिवस मी जुन्या सरकारी कागदांच्या वाचनालयात राजद्रोहाच्या फायली उपसल्या. पणजोबा कुठेच नव्हते. फायली आणून देणारे एक वयस्कर कर्मचारी माझी धडपड बघत होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"मैडम, बाग़ियों में कब तक ढूँढोगी? घरवालों की अर्ज़ियाँ देखो. पीछे कौन रह गया था?"

मागे कोण राहिलं होतं? आमच्या एकाही पत्रकाने हे कधी विचारलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यातून आलेल्या अर्जांत तिसऱ्या दिवशी एक सापडला. गाव आमचं, नवऱ्याचं नाव पणजोबांचं. पाटलाचा गोठा पेटवल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. बायको म्हणत होती, तो तर तापाने अंथरुणावर होता. जळून मेलेले बैल माझ्याच सासऱ्याने ओढून नेले, कारण ते काम आमचं. माझ्या पोटात मूल आहे. त्याला सोडत नसाल, तर मलाही तिकडे पाठवा. खाली अंगठा. मागे एका ओळीत नकार.

मी नक्कल उतरवून घरी आले.

"गोठा जाळला?" बाबा भडकले. "हे छापायचं? शेजारी पंजाबी, वर बंगाली. त्यांना काय सांगू, आजोबा गोठा जाळून गेले?"

"जाळला नाही म्हणतेय ती."

"ती म्हणणारच. बायको होती!"

आई पोळ्या लाटत होती. "अहो, सासूबाईंनी कधी बंड म्हटलं होतं? ते तुम्ही दिल्लीत आल्यावर सुरू केलंत." तिने पोळी तव्यावर टाकली. "गावात काही पेटलं की आपल्यातलाच कुणीतरी धरायचा. आणि मेलेली ढोरं ओढायलाही आपणच. एवढं तरी छापा की."

बाबांनी कागद मागितला आणि उभ्यानेच वाचला. 'मलाही तिकडे पाठवा'पाशी थांबले. माझ्याकडे सत्यावरचं लांबलचक भाषण तयार होतं. ते मी गिळलं, याचं मला आजही बरं वाटतं.

"अंगठा होता खाली?"

"होता."

"हिच्याबद्दल मी कधी काही विचारलंच नाही," ते म्हणाले. "हिचं लिही."

मी लिहिलं. त्या नावाचे गावात आणखीही कुणी असतील. तिच्या पोटातलं मूल म्हणजे आमचेच आजोबा, असं शपथेवर सांगता येत नाही, हेही लिहिलं. बाबांनी ती ओळ खोडली नाही. पहिली प्रत मी वाचनालयातल्या त्या काकांना दिली. त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि माझ्यासाठी चहा मागवला. त्यांच्या त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं, त्याचे आभार मी तेव्हा धड मानलेही नाहीत.

गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाल्यावर बाबांनी पत्रक स्वतः वाचलं. खात्री नसल्याची ओळसुद्धा, जरा घाईने, पण वाचली. शेजारच्या पंजाबी आजींना एक अक्षर कळलं नव्हतं.

"किसकी बात थी, भाईसाब? कोई बड़े लीडर थे?"

बाबांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः समोर बसले.

"नहीं माताजी, मेरी दादी की," ते म्हणाले आणि हिंदीत पहिल्यापासून सांगू लागले.