चाचांची सात घरांची पट्टी

आमच्या पेंटरचाचांना अकोल्यात अर्धं गाव चकणा म्हणायचं. समोर कोणी आलं की ते डावा डोळा मिटायचे, उजवा बारीक करायचे आणि खिशातून पुठ्ठ्याची एक पट्टी काढून तिच्या भोकातून त्या माणसाकडे पाहायचे. बाया पदर ओढून घ्यायच्या. एक दुकानदार तर अंगावर धावून गेला होता. मला त्या लोकांचा आजही राग येतो. चाचांइतकं सरळ पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाकडं पाहणारे माझ्या घरातच निघाले.

पट्टी चाचांनी स्वतः रंगवली होती. तिच्यावर सात घरं. पहिलं पांढरं, सातवं काळं, मधली राखाडी, एकापेक्षा एक गडद. प्रत्येक घरात पेन जाईल एवढं भोक. भोकातून माणसाचा गाल पाहायचा. ज्या घरात गाल मिसळून जाईल, तो त्याचा नंबर. मी त्यांच्या दुकानात झाडायला आणि ब्रश धुवायला होते. चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. तरी ते मला शिकवत राहायचे. म्हणायचे, "रंग पायू नको बाई, उजेड पाय. डोये बारीक कर, रंग आपोआप मरते."

कोणीतरी त्यांना लाल काच आणून दिली होती. तिच्यातून पाहिलं की सगळे रंग जाऊन नुसता उजेड आणि अंधार उरतो म्हणे. चाचांनी ती दोन दिवस वापरली आणि खिडकीत ठेवून दिली. म्हणाले, "हे काच लाल रंगाची बाजू घेते. पुठ्ठा कोणाचाच सोयरा नाही."

त्यांच्याकडे जास्त करून वारलेल्या माणसांची चित्रं यायची. लोक लहानसा फोटो आणायचे आणि हळूच सांगायचे, जरा गोरं करा. चाचा विचारायचे, "गोरं करू? सावली गेली त मंग नाक कशावर ठेवू?" अशी कितीतरी गिऱ्हाइकं उठून गेली. पुढे मोबाईलवर चेहरे गोरे व्हायला लागले, तशी आणखी गेली. चाचांनी पट्टी सोडली नाही.

माझ्या आईचा फोटो नव्हता. रेशनकार्डावर होता तो अंगठ्याएवढा, त्यातही तोंडावर शिक्का. एकदा बोलता बोलता मी हे सांगून गेले. चाचांनी ब्रश खाली ठेवला, मला दारातल्या उजेडात बसवलं आणि आई माझ्यापेक्षा कुठे कुठे वेगळी होती ते विचारत गेले. नाक थोडं बसकं, कपाळ मोठं, भुवया विरळ. रंग मात्र माझाच. पट्टी धरून ते मोजायचे. गाल उजेडात चार, हनुवटीखाली सहा. मला कोणी इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. लाजेने माझी मान खाली जायची आणि ते म्हणायचे, "वर पाय. तुह्या मायले मान खाली घालून बसवतं का?" पंधरा दुपारी अशा गेल्या. सोळाव्या दिवशी समोर आई बसली होती, जशी होती तशी काळीसावळी, गालावर उजेड घेऊन.

मोठा भाऊ अमरावतीहून आला आणि म्हणाला, आईचं चित्र मुलाच्याच घरी शोभतं. मला नाही म्हणता आलं नाही.

दोन वर्षांनी भावाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. भाऊ अकोल्याला येऊन चाचांना म्हणाला, चित्र थोडं उजळून द्या. चाचांनी साफ नकार दिला. चार दिवसांनी वहिनीचा फोन आला, तिकडच्याच एका पोराकडून काम करून घेतलं, आता बैठकीत झ्याक दिसते. चाचांनी ऐकलं आणि चप्पल पायात घातली. त्यांच्या एका डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता. आम्ही दोघं बसने अमरावतीला गेलो.

चाचांनी भिंतीसमोर उभं राहून पट्टी धरली. कपाळ दोन. गाल दोन. हनुवटीखालीही दोन. ते भावाला म्हणाले, "रंग अजून ओला हाय. खालचं चित्र वाळेल हाय, त्याले काही होत नाही. टर्पेंटाईन द्या, दहा मिनटात बाई परत येते."

भाऊ म्हणाला, "उद्या पाहुणे हायेत. आजी अशी काळी दिसली त लोक म्हणतीन, घराण्यातच काळं हाय." मग माझ्याकडे वळला. "तूच सांग, पोरीचं नुकसान करू का मी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. चाचाही. मी फरशीकडे पाहत राहिले.

वहिनीने चहा आणला. चाचांनी घेतला नाही. परतताना मूर्तिजापूर आलं. तेव्हा चाचा म्हणाले, "माय तुही होती बाई. माह्या बोलण्याले तिथं काय वजन?"

पाहुण्यांनी भिंतीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. भाचीचा फोटो त्यांना आधीच मोबाईलवर पसंत होता. कोणासाठी पुसली मग माझी आई? आपल्या आईची लाज वाटणारा मुलगा तिच्या चित्राला दर सणाला हार घालतो आणि लोक त्याला मातृभक्त म्हणतात.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांच्या मुलाने दुकान रिकामं केलं तेव्हा पट्टी कचऱ्याच्या पोत्यात होती. मी ती काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच अमरावतीची बस धरली. भावाच्या बैठकीत स्टुलावर चढून चित्र उतरवलं. भाऊ म्हणाला, "काहून?" मी म्हटलं, "नेतो मी मायले."

रंग वाळून घट्ट बसला होता. टर्पेंटाईन, कापूस, रोज थोडं थोडं. डावा गाल निघाला, हनुवटीपर्यंत. डोळ्याजवळ गेले तशी बुबुळाची काळी रेघ कापसाला लागली. तिथेच हात थांबवला. ते कसं सोडवायचं हे विचारायला आता चाचा नाहीत.

चित्र तसंच माझ्या खोलीत टांगलं आहे. एक डोळा मिटून मी पट्टी धरते. उजेडात चार, हनुवटीखाली सहा. आलंगेलं कोणी विचारतं, हे असं अर्धवट काय? मी आता खाली पाहत नाही. सांगते, एवढा गाल माझ्या आईचा आहे. उरलेली बाई कोण, ते माझ्या भावाला विचारा.