आतोबांची दोन मिनिटं

माझ्या आत्याच्या यजमानांइतका इंग्रज माणूस प्रत्यक्ष इंग्लंडातही सापडला नसता, आणि हे गृहस्थ उभ्या जन्मात पुणे जिल्ह्याबाहेर गेले नव्हते. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. धोतर, वर काळा कोट, डोक्याला टोपी, पायांत पुणेरी जोडा, आणि मन मात्र कायमचं लंडनला मुक्कामी. देहूरोडच्या लष्करी छावणीत ते गोऱ्या साहेबांच्या हाताखाली कारकून होते. साहेब लोक मायदेशी निघाले तेव्हा आपल्या सगळ्या रीतिभाती आतोबांकडे ठेव म्हणून ठेवून गेले असावेत, इतक्या निष्ठेने ते त्या सांभाळायचे. नोकरी सुटल्यावर त्यांनी चिंचवडला राहत्या घराच्या अंगणात इंग्रजीचा वर्ग काढला. पिंपरीकडे नवा कारखाना उभा राहिला होता, अजून पुष्कळ येणार अशी बोलवा होती, आणि साहेबापुढे चार वाक्यं बोलता यावीत म्हणून आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची तरुण मुलं सायकली हाणत यायची. मी तेव्हा आत्याकडे राहून तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. संध्याकाळी ओसरीवर तांदूळ निवडायला बसलं की हा सगळा वर्ग मला आयता बघायला मिळे.

आतोबांचा सिद्धान्त असा, की इंग्रजी ही मुळी भाषाच नव्हे, ती वागणूक आहे. शब्द पाठ करणारा पोपट होतो. आधी इंग्रजासारखं उभं राहायला, चहा प्यायला, माफी मागायला शिका, भाषा आपोआप मागून येते. माफीचं तर त्यांना इतकं वळण पडलं होतं, की बाजारात एका बैलाने त्यांच्या पायावर पाय दिला तेव्हा ते बैलाकडे वळून अदबीने 'सॉरी' म्हणाले होते. पण सगळ्यांत कडक नियम हवेचा. कुठलंही बोलणं हवामानापासून सुरू करायचं, मग पुढचं. आमच्याकडे आठ महिने ऊन आणि चार महिने चिखल, हवेबद्दल बोलण्यासारखं ते काय असणार? पण आतोबा ऐकतील तर शपथ. एकदा चाकणकडचा शिवराम नावाचा त्यांचा विद्यार्थी परसातून ओरडत आला, "सर, काकूंच्या कडब्याची गंजी पेटलीया!" आतोबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "आधी हवा." बिचारा शिवराम जागच्या जागी नाचत म्हणाला, "हवा लई गरम हाय सर, गंजी पेटलीया म्हून!" तोवर आत्याने दोन घागरी ओतून आग विझवलीही होती. त्या दिवसापासून घरात कुणी 'आज हवा काय छान आहे' म्हटलं की आत्या हातातलं काम टाकून आधी परसात बघून यायची.

भाषेबरोबर इतिहासही असायचाच. इंग्लंडच्या राजांच्या भानगडी आतोबा अशा आपलेपणाने सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हे सगळे त्यांच्या चुलत घराण्यातलेच. एका राजाने सहा लग्नं केली आणि दोन राण्यांची मुंडकी उडवली, हा धडा चालला असताना आत्या स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली, "आणि असल्यांच्या चालीरीती शिकायच्या होय पोरांनी?" दर शनिवारी चार वाजता चहाचा तास. छावणीतून लिलावात आणलेले चिनी मातीचे कप, त्यांतल्या एकाला कान नव्हता, तो आतोबा स्वतः घ्यायचे. बशीत ओतून फुरका मारला की तो मुलगा त्या दिवसापुरता वर्गाबाहेर. सोबत काकडीचे सँडविच हवेत, पण पाव रोज कुठला मिळायला? म्हणून ते बाजरीच्या भाकरीत काकडीच्या चकत्या घालून वाटायचे. "कोशिंबीर करून दिली असती, निदान दाण्याचं कूट तरी पोटात गेलं असतं," असं आत्या मला म्हणाली, तेव्हा मी हसले. ती हसली नाही. इंग्रजांच्या कुठल्याच गोष्टीला ती हसत नसे, आणि त्याला कारण होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला तो परत आलाच नाही. मेल्याचीही तार आली नाही. आली ती 'बेपत्ता' अशी. त्याला पलटणीत जायला आतोबांनी नको म्हटलं नव्हतं, साहेबाच्या शिफारशीने तो गेला होता, आणि हे आत्या विसरायला तयार नव्हती. "तुमच्या इंग्रजांनी नेला माझा मुलगा," असं ती एकदाच म्हणाली होती म्हणे, पण त्या एका वाक्यावर तो संसार पुढची कितीतरी वर्षं मुक्याने चालला. गंमत अशी, की तिची सगळी आशाही आतोबांच्या इंग्रजांवरच टांगलेली होती. कारण तार आली तेव्हा आतोबांनीच तिला बजावून सांगितलं होतं, "इंग्रज शब्दाला पक्का असतो. गेला असता तर गेला म्हणाला असता. बेपत्ता म्हणतोय म्हणजे बेपत्ता." तेव्हा तिने जेवावं म्हणून ते बोलले असतील. ती जेवली. मग ते वाक्य परत कसं घ्यायचं, हे त्यांना कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडलं नाही. एकानं दिलेली आशा दुसऱ्यानं धरून ठेवली, आणि दोघंही वसंताचं नाव घेईनासे झाले.

बारा वर्षं पुरी होत आली तशी माझ्या वडिलांनी उचल खाल्ली. माणूस बारा वर्षं सापडला नाही की पळसाच्या काड्यांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं रीतसर करायचं, हे आमच्याकडचं शास्त्र. वडील दिवाळीनंतर चिंचवडला आले, भटजींना विचारून दिवसही ठरवून आले. आत्या चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "दादा, काड्यांच्या बाहुल्याला मी वसंता म्हणायची नाही," ती म्हणाली. वडील म्हणाले, "अगं, त्याला गती नको का मिळायला? किती दिवस त्याला असा ताटकळत ठेवणार आहेस?" मग ते आतोबांकडे वळले. "तुम्ही तरी बोला. तुमचं ऐकेल ती." आतोबांनी अंगणाकडे बघितलं. मला वाटलं, आता हे हवेबद्दल बोलणार, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. पण ते एवढंच म्हणाले, "अकरा तारीख होऊन जाऊ द्या."

अकरा नोव्हेंबर हा आतोबांचा सगळ्यांत मोठा सण. पहिलं महायुद्ध ज्या घटकेला थांबलं, त्या घटकेला, सकाळी अकराच्या ठोक्याला, इंग्रज दोन मिनिटं जिथल्या तिथे स्तब्ध उभे राहतात आणि छातीवर लाल फूल लावतात. छावणीत आतोबांनी हे स्वतः पाहिलं होतं; आचारी डाव हातात धरून उभा होता आणि आमटी उतू गेली तरी हलला नाही, हे ते भक्तिभावाने सांगायचे. त्या दिवशी वर्गाला सकाळीच बोलावणं असे. इंग्लंडातलं ते फूल इथे कुठलं मिळायला, म्हणून आत्याने गणपतीसाठी जपलेल्या जास्वंदीची फुलं आतोबा पहाटे गुपचूप खुडत आणि मुलांच्या सदऱ्यांना लावत. यंत्रं बसवायला आलेल्या एका तरुण इंग्रज इंजिनियरला त्यांनी चिंचवड स्टेशनावर गाठून या दिवसाबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, आता आमच्याकडे हे नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी करतात. आतोबा घरी येऊन खिन्नपणे म्हणाले, "पाहिलंस? आपण गेल्यावर त्यांच्यातसुद्धा शिस्त राहिली नाही." आपण कुठून गेलो, हे मी विचारलं नाही.

आणि दरवर्षी त्या दोन मिनिटांत, घड्याळाचा अकराचा ठोका पडला रे पडला, की स्वयंपाकघरात आत्याचा खलबत्ता सुरू व्हायचा. दाण्दाण् दाण्दाण्. कुटायला काही नसलं तर ती नुसतंच मीठ कुटायची. अंगणात सगळे खाली मान घालून उभे, आतोबा ताठ, आणि आतून तो लोखंडी गजर. दोन मिनिटं संपली की खलबत्ताही थांबायचा. आतोबा तिला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. हा सगळा सोहळा कुठल्या तरी इंग्रज राजाच्या सुतकाचा आहे अशी तिची समजूत होती, आणि मलाही ती साहेबांच्या जुन्या लढाईची आठवण, एवढंच वाटत होतं.

त्या वर्षी अकरा तारखेलाच रविवार आला. आदल्या दिवशी चहाच्या तासाला शिवराम लवकर आला. आत्या परसात गाईला वैरण घालत होती, मी कपडे वाळत घालत होते. आत्या तुसडेपणाने म्हणाली, "उद्या परत येणार असशील राजासाठी उभा राहायला? कोण मेलाय यंदा?"

शिवराम गोंधळला. "राजासाठी न्हाई काकू. आमी वसंतादादासाठी उभं ऱ्हातो."

आत्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "कोण म्हणालं?"

"सरच की. पहिल्याच वर्साला सांगितलं त्येंनी. लढाईवरनं जे माघारी आले न्हाईत त्येंच्यासाठी हाय म्हनले हे. मेले असं म्हनायचं न्हाई, आले न्हाईत येवढंच मनात आनायचं. आन् म्हनले, आमच्या घरातबी एक हाय, त्येचं नाव मनात घेऊन उभं ऱ्हावा." मग जरा घाबरून तो म्हणाला, "तुमास्नी ठावं नव्हतं व्हय?"

आत्याने पेंढी गाईपुढे टाकली आणि ती घरात गेली. रात्री तिने आतोबांना वाढलं, त्यांचं पान उचललं, पण विचारलं काहीच नाही. मला वाटतं, तिला तो खलबत्ता आठवत असावा. दरवर्षीचा.

सकाळी आतोबा जास्वंदीकडे गेले ते रिकाम्या हाताने परतले. झाडावर एक फूल नव्हतं. ते तसेच कोट चढवून अंगणात आले, तर ओसरीच्या पायरीवर पितळेच्या तबकात सगळी फुलं पाण्याने शिंपडून ठेवलेली. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी नव्हे अशी मी मान हलवली. मुलं जमली, फुलं लावून झाली. तोवर मुक्कामाला राहिलेले वडीलही दाराशी उभे होते, काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. घड्याळाचे ठोके पडले. सवयीने आम्ही सगळेच त्या खलबत्त्याची वाट पाहत होतो. तो वाजलाच नाही. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. स्टेशनाकडून मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज तेवढा आला. मी डोळे किलकिले करून बघितलं. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, डोक्यावरून पदर, दोन्ही हात खाली सोडलेले. ती रडत नव्हती. आतोबांचा मात्र साहेबाने शिकवलेला तो ताठ खांदा प्रथमच खाली आला होता.

दोन मिनिटं संपली तरी कुणी हललं नाही. मग आत्या अंगणात उतरली, आतोबांच्या समोर येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "आज हवा बरी आहे."

आतोबांनी उभा जन्म ज्या वाक्याची तालीम करून घेतली ते समोरून आलं, आणि मास्तरच गडबडला. "हो," ते कसेबसे म्हणाले. "ऊन पडलंय छान."

"त्याला फार आवडायचं हे ऊन," आत्या म्हणाली. "थंडीत या पायरीवर बसून दात घासायचा." आणि मग त्या दोघांनी तिथेच पायरीवर बसून, वर्गादेखत, माझ्या वडिलांदेखत, दुपारपर्यंत वसंताच्या गोष्टी काढल्या.

पळस आलाच नाही. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि पुढच्या वर्षी अकरा तारखेला ते स्वतःहून आले, टोपी काढून उभे राहिले. आतोबा गेले त्यालाही आता पुष्कळ काळ झाला. त्यांच्या अंगणापलीकडे कारखान्यांचे पत्रे दिसायला लागले, शिवराम त्यांतल्याच एकात मुकादम झाला. ते गेल्यावर आत्या एकटीच उभी राहायची, घड्याळ लावून. आतोबांचं रीतसर सगळं झालं होतं, श्राद्धही व्हायचं, तरी त्या दोन मिनिटांत ती त्यांनाही घ्यायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, आतोबा काही लढाईवर नव्हते गं." ती म्हणाली, "पण माघारी आले नाहीत ना?" आणि मग माझा चेहरा बघून, मला बरं वाटावं म्हणून, आभाळाकडे पाहत म्हणाली, "हवा छान आहे नाही आज?"